खुरसाकडची लदीन

एप्रिल सरत आला की गोव्यातल्या वाड्यावाड्यांवरच्या खुरसांना, म्हणजे क्रुसांना, चुना लागतो. ३ मे हा पवित्र क्रूस सापडल्याचा जुना सण. रोमने १९६० साली तो आपल्या कॅलेंडरातून काढला, वाड्यांनी मात्र काही सोडला नाही. त्या तारखेच्या आगेमागे, उर्राक, ही काजूच्या बोंडांची हंगामी दारू, संपायच्या नि पाऊस लागायच्या आत एक संध्याकाळ ठरते. वाटेच्या कडेला, खुरसासमोर, माणसं उभ्यानेच लदीन, म्हणजे मरियेच्या नावांची लॅटिन प्रार्थनामाळ, म्हणतात. त्याला पाद्री लागतोच असं नाही. व्हायोलिन, ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी विनंती कर) म्हणणारे गळे आणि उकडलेले चणे एवढं असलं की झालं.

आमच्या वाड्यावर हे सगळं मंडळातल्या पोरांकडे असे. सुरुवात चुन्यापासून. गेल्या पावसाचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडल्याशिवाय चुना मारला, तर तो पापुद्र्यांसकट सुटतो. चुना आदल्या दिवशी भिजवायचा, गाळायचा, खुरसावर आधी पाणी मारायचं आणि मग पातळ दोन हात द्यायचे. घाई असली की पोरं एकच जाड हात ओढत. मेच्या उन्हात तो वरून वाळतो, आत ओला राहतो, आणि संध्याकाळी खुरसाला टेकलेल्या माणसाची पाठ पांढरी करतो. दरवर्षी एक तरी पाठ पांढरी व्हायचीच.

मेणबत्त्यांचा शत्रू म्हणजे समुद्राकडचा वारा. प्लास्टिकची बाटली कापून तिच्यात मेणबत्ती लावायची युक्ती एका वर्षी झाली. बाटली वितळली आणि झेंडूच्या माळेला धग लागली. तेव्हापासून करवंट्या. करवंटीत तीन बोटं वाळू, त्यात मेणबत्ती निम्मी रोवायची, म्हणजे करवंटीची कड वारा अडवते. वाळू मात्र कोरडी हवी. ओल्या वाळूत मेणबत्ती घट्ट उभी राहते खरी, पण जळत खाली आली की वातीला ओल लागते आणि ती तडतडून विझते.

चण्यांचं गणित बायकांना पाठ. किलोभर कोरडे चणे उकडून सव्वादोन किलोच्या आसपास भरतात, म्हणजे कागदाच्या पंचवीसेक पुड्या. दीडशे माणसांना सहा-सात किलो पुरतात. दहा-बारा तास भिजवायचे आणि मधे एकदा पाणी बदलायचं. मेमध्ये तेवढं चुकलं तर पहाटे वर फेस आलेला दिसतो आणि वास पातेलं उघडायच्या आधीच सांगतो. शिजवताना सोडा टाकायचा मोह आवरायचा, नाहीतर सालं सुटून लगदा होतो. खोबऱ्याचे काप अगदी शेवटी, ‘साल्वे’ हे शेवटचं मरियेचं गीत सुरू झालं की. आधी मिसळले तर त्या उकाड्यात दोन तासांत चणे चिकट होतात. वाटताना पोरं पहिली, म्हातारी माणसं दुसरी, आणि उर्राकवाले सगळ्यात शेवटी, कारण त्यांना घाई नसते.

गाण्याची बाजू मेस्ताची, म्हणजे व्हायोलिन वाजवून गाणं चालवणाऱ्याची. व्हायोलिनच्या खुंट्या सरकतात म्हणून तो खिशात खडूचा तुकडा ठेवी. स्वर घरी लावून येण्यात अर्थ नसे, खुरसाकडे आल्यावरच तारा ओढायच्या. लदीन दोन आवाजांत चालते, वरचा तिपल आणि खालचा बाश. नवशिका मेस्त सुरुवातीची ‘किरिये’च उंच पट्टीत उचलतो आणि फसतो. पुढे मरियेच्या नावांची पन्नासेक हाकांची माळ असते, आणि ‘रेजिना’च्या ओळी येईपर्यंत तिपलवाल्यांचे गळे फाटायला लागतात. जुना मेस्त पट्टी इतकी खाली धरायचा की सुरुवातीला कंटाळवाणं वाटे. त्याची किंमत शेवटी कळे.

लॅटिन का, हा सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून आलेल्या पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न. प्रश्न रास्त आहे. याच भूमीत इंग्लंडहून आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्रीने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ साली ती रायतूरला छापली गेली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराणाची सवय होती, म्हणून ख्रिस्तपुराण. लदीन मात्र लॅटिनच राहिली. अर्थ सगळ्यांना ओळीओळीने येतो असं नाही, पण कुठे आवाज वाढवायचा ते येतं. ‘सालुस इन्फिर्मोरुम’, म्हणजे रोग्यांचं आरोग्य, ही हाक आली की ज्यांच्या घरात कोणी अंथरुणावर आहे त्यांचं ‘ओरा प्रो नोबिस’ बाकीच्यांच्या अर्धी मात्रा आधी उठतं. मागे उभं राहून डोळे मिटले तरी कोणत्या घरात दुखणं आहे ते समजे.

आणि वही. लदीन सुरू व्हायच्या आधी मंडळाचा एकजण दारोदार जाऊन नावं लिहून घ्यायचा: आजारी, परीक्षेचे, बोटीवर गेलेले तारवटी, त्या वर्षी वारलेले. नियम एकच. नाव सांगायचं, कारण सांगायचं नाही. कारणं वाचली की प्रार्थनेची गजाली होते, हा जुन्या लोकांचा अनुभव. नाव राहून गेलं तर वर्षभर अबोला, म्हणून शेवटी ‘आणि ज्यांची नावं लिहायची राहिली ते सगळे’ ही ओळ कोणीतरी शहाण्याने घातली. ही ओळ वाचताना हळूच मान खाली घालणारेही असत. त्यांनी नाव मुद्दामच दिलेलं नसे.

२०२०च्या मेमध्ये खुरसाकडे जमणं बंद होतं. मेस्त आपल्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, उभा राहून म्हणू लागला आणि ज्याने त्याने आपापल्या दारातून उत्तर दिलं. घरं लांब लांब, त्यामुळे उत्तरं एकेक श्वास उशिरा येत. टेकाडावरच्या घराचं ‘नोबिस’ येईपर्यंत पुढची हाक निघालेली असे. मेस्ताने दोन हाकांमधलं अंतर वाढवलं, बस्स. पुढच्या मेमध्ये गोव्यात दुसरी लाट ऐन भरात होती. वहीच्या पहिल्या पानावरची नावं लदीन व्हायच्या आत शेवटच्या पानावर न्यावी लागली. खोडायचं नाही, नुसता बाण काढायचा असं ठरलं. त्या पानावर बाणच जास्त आहेत.

मधल्या काळात, २० जून २०२० रोजी, पोप फ्रान्सिस यांनी या माळेत तीन हाका वाढवल्या: दयेची माता, आशेची माता आणि स्थलांतरितांचा दिलासा. तोंडपाठ माळेत नवा मणी घालणं सोपं नाही, म्हातारी माणसं जुन्या वाटेने पुढे निघून जात. मेस्ताने तोडगा काढला. ‘मातेर स्पेई’ ही आशेची हाक चारच अक्षरांची, तिला ‘मातेर ख्रिस्ती’ची चाल बसते. ‘सोलासियुम मिग्रांतियुम’ लांबलचक, ती ‘कोन्सोलात्रिक्स’च्या चालीत बसवली. आखातात नाहीतर बोटीवर माणूस नाही असं घर वाड्यावर विरळा, त्यामुळे ही लांब हाक आधी पाठ झाली. आशेच्या हाकेला अजून दोघंतिघं चुकतात.

शेवटी पुढच्या वर्षीच्या प्रेझिदेंतचं, म्हणजे लदिनीच्या यजमानाचं, नाव पुकारतात. पाळी घरांच्या क्रमाने फिरते. घरात दुखवटा असला तरी पाळी टळत नाही, फक्त चणे शेजारी शिजवतात आणि दुखवट्याचं घर पहिली मेणबत्ती लावतं. शेजाऱ्यांत हिंदू घरंही आली. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानून तेल वाहणारे लोक हे, त्यांना खुरसाला अबोलीची वेणी घालायला कोणी शिकवावं लागत नाही.

मग लहान थोरांकडे ‘बेसांव’ (आशीर्वाद) मागतात, ‘देव बरें करूं’ असे आभार होतात, करवंट्यांतली वाळू वाटेवर ओततात. चण्यांचं मोठं पातेलं न घासताच पुढच्या प्रेझिदेंतच्या घरी जातं. घासायचं त्यांनी. वही पातेल्यातच ठेवतात, म्हणून तिच्या कोपऱ्यांना खोबऱ्याचा तेलकटपणा आलेला आहे.