हस्तलिखित तयार झालं; आता करार, फाइल आणि फर्मे

मराठीत पहिलं पुस्तक करू पाहणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक वेळा 'प्रकाशक कसा मिळवायचा' इथेच अडकतात. खरं नुकसान त्यानंतर होतं: करारनामा न वाचता सही केल्याने आणि कच्ची फाइल अक्षरजुळणीला दिल्याने. म्हणून प्रकाशक शोधण्याबद्दल थोडक्यात आणि पुढच्या कामाबद्दल सविस्तर.

प्रकाशकाची गेल्या दोन-तीन वर्षांतली पुस्तकांची यादी आधी बघा. जो फक्त अनुवाद आणि चरित्रं काढतो, त्याला कवितासंग्रह पाठवून दोघांचाही वेळ जातो. एक पानाचा सारांश, सलग दोन प्रकरणं आणि एकूण शब्दसंख्या एवढं पुरतं. एकही पुस्तक आलेलं नसेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. 'तीनशे प्रती तुम्ही विकत घ्या, मग छापू' असं कुणी म्हणालं, तर तो तुमच्याच पैशाने होणारा छापखान्याचा व्यवहार आहे हे ओळखा. त्यात गैर काही नाही, पण मग एकूण प्रती किती छापल्या, उरलेल्या कुणाच्या मालकीच्या आणि छपाईची अंतिम फाइल कुणाकडे राहणार, हे कागदावर हवं.

आता करार. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ एकदा वाचाच. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असेल तरच ग्राह्य धरलं जातं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची समजतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर ते हस्तांतरण संपलं असं मानलं जातं. मेख अशी की करारात वेगळं काही नसेल तरच या तरतुदी उपयोगी पडतात, आणि तयार नमुन्यांत नेमकं वेगळंच छापलेलं असतं: सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी. ते खोडून माध्यमनिहाय लिहून घ्या. छापील आवृत्ती, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे पाच वेगळे हक्क आहेत. जो प्रकाशक ऑडिओबुक काढतच नाही, त्याला तो हक्क कशाला?

मानधनाच्या कलमात टक्क्यापेक्षा तो कशावर मोजला जाणार, हे महत्त्वाचं. किंमत ३०० रुपये आणि मानधन १० टक्के धरू. छापील किमतीवर प्रतीमागे ३० रुपये मिळतात. हेच 'निव्वळ विक्रीवर' असेल आणि वितरकाला ४० टक्के सवलत दिली असेल, तर १८. शिवाय हिशोब वर्षातून कोणत्या महिन्यात मिळणार आणि प्रती संपल्यावर, समजा, सहा महिन्यांत पुनर्मुद्रण झालं नाही तर हक्क लेखकाकडे परत येणार, ही दोन वाक्यं आग्रहाने घाला. प्रकरणाच्या सुरुवातीला कुणाच्या कवितेच्या ओळी टाकायच्या असतील, तर परवानगी साधारणपणे लेखकालाच आणावी लागते. आपल्याकडे हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतात आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. म्हणजे १९६४ साली वारलेल्या कवीच्या, त्याच्या हयातीत छापलेल्या ओळी १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या.

फाइलकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण सांकेतिक पद्धतीत टाइप करता, पण बरेच डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पानं मांडणारे, अजून श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मांडणी करतात. मजकूर कन्व्हर्टरमधून जातो आणि ठरावीक ठिकाणी मोडतो. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र बिघडून 'दुसर्या', 'तर्हा' होतो. 'ॲ' हे अक्षर कुणी एकसंध, कुणी अ वर चंद्र देऊन टाइप करतं. मग शोधून बदलताना निम्मे शब्द हाती लागत नाहीत. सरळ अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर उमटतं, मधला इंग्रजी मजकूर अगम्य होतो, तिरपा टाइप आणि तळटीपा गळून पडतात. युनिकोडमध्येच मांडणी होणार असेल तर उत्तम, पण तिथे फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श देतो का, ते नमुन्याच्या पानावर तपासा. फाइल देताना अशा जोखमीच्या शब्दांची यादी सोबत द्या, मुद्रितशोधकाचा जीव वाचतो.

पहिलं प्रूफ हातात आलं की मूळ वर्ड फाइल गोठवायची. त्यानंतर 'सुधारित' फाइल पाठवली की जुन्या दुरुस्त्या पुसल्या जातात आणि सगळं पुन्हा वाचावं लागतं. पहिलं प्रूफ हस्तलिखिताशी ताडून वाचा. दुसऱ्यात फक्त खुणा केलेल्या जागा आणि तिथून पुढच्या दोन-चार ओळी बघा. तिसऱ्यात अनुक्रमणिकेतली नावं नि पृष्ठांक प्रत्यक्ष पानांशी जुळतात का, एवढंच. मुखपृष्ठ आणि कणा (पुस्तकाची बांधणीकडची उभी कड) मात्र तिऱ्हाइताला वाचायला द्या. स्वतःच्या नावातली चूक लेखकाला दिसत नाही.

छपाईचं गणित फर्म्यावर, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यावर चालतं. डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, एक फर्मा १६ पानांचा. पानाला सुमारे २५० शब्द धरले तर ३८,००० शब्दांची १५२ पानं, सुरुवातीची ८ मिळून १६०, म्हणजे बरोबर दहा फर्मे. १६४ झाली तर त्या चार पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळी घडी. त्यापेक्षा मनोगत आवरतं घ्या. (मनोगतं तशीही लांबतात.) कण्याची जाडी मुखपृष्ठ करण्याआधी लागते: १६० पानं म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले ८० कागद, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) वजनाचा मॅपलिथो हा छपाईचा साधा पांढरा कागद साधारण ०.०९ मिमी जाडीचा, म्हणून सुमारे ७ मिमी. नॅचरल शेडचा (किंचित पिवळसर) कागद फुगीर असतो, त्याची जाडी छापखान्यालाच विचारा. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा. आडवा गेला की पानं लाटांसारखी वर येतात आणि पुस्तक उघडं राहत नाही. शंभर-दोनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, पाचशेच्या आसपास ऑफसेट (प्लेटवरून होणारी छपाई) स्वस्त पडू लागते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्जावर विनामूल्य मिळतो, स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही. त्याचे हजारो रुपये मागणाऱ्यापासून दूर राहा. बारकोड मलपृष्ठावर जातो, तेव्हा अर्ज छपाईआधी करा. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच चालतो. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसंच मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः प्रकाशक असाल तर ते टपाल तुमच्या खर्चात धरा. श्रेयपानावर प्रकाशनाची पूर्ण तारीख छापा. राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार कॅलेंडर वर्षानुसार असतात, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तक तयार झालं, तर ते जानेवारीतच प्रकाशित करणं बरं.