लंगड्या पिसवेवरून समुद्रापार : नोंद सहावी

मंडळी, आकडा आधी सांगून टाकतो. हाताने काढायच्या माझ्या दहा सेकंदांच्या ॲनिमेशनचे १२० पैकी ७४ कागद झाले. मधले १९ फाडून पुन्हा काढले, पण फाडलेले मोजायचे नाहीत असं पहिल्याच नोंदीत ठरलं होतं.

नव्यांसाठी थोडक्यात. रॉबर्ट साहाकियान्त्स या आर्मेनियन दिग्दर्शकाच्या १९८३ च्या ‘वा रे वा, बोलका मासा!’ या नऊएक मिनिटांच्या ॲनिमेशनपटाने मला दोन वर्षं झपाटलंय. त्यातला राक्षस, त्याचं नाव एएख, बोलता बोलता रूप पालटतो. वाक्य सुरू होताना जे तोंड असतं ते वाक्य संपेपर्यंत भलतंच काही होऊन बसलेलं असतं. हे हाताने कसं काढत असतील ते कळावं म्हणून मी दहा सेकंदांचा तुकडा करायला घेतला. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकणार, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, एकूण १२०. मूळ फ्रेम गिरवायच्या नाहीत ही अट. गिरवून हात वळतो, डोकं वळत नाही.

गोष्ट मात्र तीच घेतली. ती साहाकियान्त्सचीही नाही, होव्हान्नेस तुमान्यानची (१८६९–१९२३). आर्मेनियाच्या घराघरात ज्याच्या गोष्टी सांगितल्या जातात तो हा लोरी प्रांतातला कवी. गरीब माणूस मासा पकडतो, मासा बोलायला लागतो, माणसाला दया येते, तो त्याला सोडून देतो. आपल्याकडे ‘नेकी कर, दरिया में डाल’ म्हणतात, तीच म्हण तिकडेही आहे आणि गोष्ट तिच्यावरच उभी आहे. पुढे राक्षस त्या माणसाच्या पोटापाण्याची सोय करतो, पण अट घालतो : मी येऊन प्रश्न विचारेन, उत्तर आलं नाही तर तू माझा. ठरल्या रात्री राक्षस दारात येतो तेव्हा घरात एक अनोळखी तरुण पाहुणा असतो. उत्तरं तो देतो.

कुठून आलास? समुद्रापलीकडून. कसा? लंगड्या पिसवेवर खोगीर घालून. म्हणजे समुद्र डबक्याएवढा असणार. असेलही, पण गरुडाला उडून पार करता येत नाही. मग गरुड पिल्लू असणार. असेलही, पण त्याच्या पंखांची सावली अख्ख्या शहरावर पडते. मग शहरच चिमुकलं. असेलही, पण सशाला धावून ओलांडता येत नाही. तो ससा मोठा किती, तर त्याच्या कातड्यात एका माणसाचा कोट होतो. तो माणूस केवढा, तर त्याच्या गुडघ्याशी कोंबडा आरवला तर कानापर्यंत आवाज पोचत नाही. अशी एकावर एक लोणकढी. शेवटी राक्षसच गांगरून चालता होतो. पाहुणा अर्थातच तो मासा.

मला या साखळीत चित्रकाराचा प्रश्न दिसला. यात कुणालाच स्वतःचं माप नाही. पिसू लहान की समुद्र मोठा हे पुढची वस्तू शेजारी येईपर्यंत ठरत नाही, आणि ती आली की आधीचं ठरलेलं उलटतं. राक्षसाचं अंग चित्रात जे करतं, तेच पाहुण्याचं बोलणं शब्दांत करतं. हे लक्षात आल्यावर माझा तुकडा ठरला : पिसू, समुद्र, गरुड, सावली, शहर, ससा, कोट, गुडघा. मध्ये कट नाही.

शनिवारी रात्री पिसवेपासून समुद्रापर्यंतचा टप्पा काढला. पहिलं चित्र पिसू, शेवटचं लाट, मधली अकरा. मी इमानेइतबारे मध्याचा मध्य काढत गेलो, पाठीची रेघ आणि लाटेची रेघ यांच्या बरोबर मधून. लाइट बॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या काचेवर) एकेक चित्र छान दिसत होतं. कागद भराभर चाळून पाहिले तर पिसू विरघळते आणि लाट गोठते, मध्ये पाव सेकंद नुसता गाळ. आई चहा द्यायला आली, सहावा कागद हातात घेतला आणि म्हणाली, “अरे, कणीक सैल झालीय तुझी.” १९ पैकी ११ कागद त्या रात्रीचे.

रविवारी पुन्हा एएखसमोर बसलो, फ्रेमफ्रेम थांबवत. माझ्या डोळ्यांना जे दिसलं ते असं : त्याचं मधलं चित्र दोन रूपांची सरासरी नसतं, ते स्वतःच काहीतरी असतं. शिवाय रूप बदलत असताना हालचाल थांबत नाही. तो वाकत असेल तर वाकता वाकताच बदलतो, आधी वाकून मग बदलत नाही. मी पिसवेला जागेवर उभी करून बदलत होतो.

म्हणून आता ती उडी मारते. लंगडी असल्याने उडी तिरकी जाते, मागचा एक पाय ओढला जातो. उडीच्या सर्वांत उंच जागी, म्हणजे ३१ व्या कागदावर, तिची कमान झालेली पाठ हीच लाटेची कड. तिथे मी खोगीर ठेवलंय, ते आता लाटेवर डुलणारं होडकं वाटतं. ३२ व्यात खोगिराचा पट्टा सुटतो, ३३ व्यात तो फेस होतो. वजन मात्र खाली यायलाच हवं, नाहीतर डोळा फसत नाही, म्हणून लाट पिसवेच्याच वेगाने आपटते. चाळून पाहिलं आणि खुर्चीत मागे रेललो. खोटं कशाला सांगू, एकटाच हसलो.

एका मित्राने विचारलं की आर्मेनियात ॲनिमेशन याच माणसापासून सुरू झालं का. नाही. लेव्ह अतामानोव्हने १९३८ मध्ये आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला ‘कुत्रा आणि मांजर’ केला, तोही तुमान्यानवरच. मांजर टोप्या शिवणारं, कुत्रा कातडं घेऊन येतो, आणि मांजर आपल्या शिंप्यांसारखं ‘उद्या या’ करत राहतं. वैर तिथून. अतामानोव्हने पुढे मॉस्कोत १९५४ मध्ये ‘सोनेरी हरिणी’ केला. ती भारतीय लोककथांवरची. हरिणीच्या खुरांतून सोन्याची नाणी उडतात, लोभी राजा त्यांत गाडला जायला लागतो आणि ‘पुरे’ म्हणताच सोन्याची खापरं होतात. १९५७ च्या त्याच्या ‘हिमराणी’ची राणी तर जिवंत नटीच्या हालचालींवरून काढलेली, प्रत्येक वळणात हाडं जाणवतात. साहाकियान्त्स दुसऱ्या टोकाला. हाड नावाची गोष्टच नाही. मी आदर दोघांचा करतो, पण रात्री दोन वाजेपर्यंत मला जागवतो तो बिनहाडाचा.

साहाकियान्त्सचा जन्म १९५० चा, अझरबैजानमधल्या बाकूचा. काम येरेवानच्या आर्मेनफिल्म स्टुडिओत. तुमान्यानकडे तो पुन्हा पुन्हा गेला : १९७९ चा ‘किकोस’, त्यात न जन्मलेल्या पोरासाठी घरभर रडारड, १९८२ चा थापांच्या पैजेचा, आणि १९८५ चा, ज्यात ‘हे सणासाठी ठेवलंय’ एवढंच ऐकलेली भोळी बायको सण नाव सांगणाऱ्या परक्याला सगळा साठा देऊन टाकते. (‘दिवाळीसाठी ठेवलंय’ म्हणावं आणि दारात दिवाळी नावाचा इसम यावा.) २००९ मध्ये येरेवानमध्येच तो गेला.

आता आमच्या कारखान्याच्या तक्रारी. पेग बार, म्हणजे कागद एकाच जागी धरणारी खुंट्यांची पट्टी, घरचाच : लाकडी पट्टी, दोन बोल्ट, ऑफिसातलं साधं पंचिंग मशीन. उन्हाळ्यात उत्तम चाललं. जुलैत कोकणातल्या हवेने कागद फुगले, भोकं सैल झाली आणि ४० ते ५२ मधला समुद्र आपोआप डावीकडे सरकायला लागला. उपाय : कागदांचा गठ्ठा तांदळाच्या रिकाम्या डब्यात, आणि भोकांवर पारदर्शक टेप लावून पुन्हा पंच. दुसरं, फोनवर शूट करताना पट्टे येत होते. दोष ट्यूबलाइटचा. शटर १/५० वर बांधलं, एक्स्पोजर लॉक केलं, पट्टे गेले. चित्रांची जोडणी क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये.

७४ वा कागद म्हणजे गरुड. पंख उघडलेत, सावली अजून पडायचीय. सावलीतून शहर कसं उगवायचं ते ठरलंय : सावलीच्या कडेची पिसं हीच घरांची छपरं. ससा सोपा आहे. अडलंय ते शेवटच्या गुडघ्यापाशी. कोंबडा आरवतो आणि आवाज पोचत नाही, हे मूक तुकड्यात दाखवायचं कसं? कुणी असं काही केलं असेल तर सांगा. तोवर आज ७५ आणि ७६ काढतो, कागद सुकलेत.