डाव्या हाताची इयत्ता

वयाच्या ४७व्या वर्षी पियानो शिकायला बसले तेव्हा मी स्वतःला अगदीच नवशिकी समजत नव्हते. भजनी मंडळाला पंचवीस वर्षे पेटीची साथ केलेली असल्यामुळे काळी एक म्हणा किंवा पांढरी पाच म्हणा, उजव्या हाताची बोटे न पाहता आपापल्या जागी जात असत. हा भ्रम पहिल्याच तासाला उतरला. माझे मनगट डावीकडे लयीत हलत असल्याचे शिकवणाऱ्या बाईंच्या लक्षात आले, आणि त्यांनी हसून विचारले, ‘‘हवा कोणाला घालताय?’’ भाता नसलेल्या वाद्यावर माझा डावा हात भाता मारत होता.

हातपेटीवर डाव्या हाताचे काम हवा पुरवण्याचे. संगीत नाटकांतल्या ऑर्गनवाल्यांची गोष्ट वेगळी. पायाने हवा भरत असल्यामुळे त्यांचे दोन्ही हात मोकळे असत. माझ्या डाव्या हाताला मात्र सुरांची ओळखच नव्हती, त्यामुळे एका देहात एक हात बारावीत आणि दुसरा बालवाडीत अशी अवस्था झाली. पेटीवर आवाजाचा जोर भात्यातून येतो, पट्टी कितीही जोराने दाबली तरी फरक पडत नाही. पियानोत हातोडी तारेवर आदळण्याचा वेग आवाज ठरवतो. म्हणजे उजव्या हातालाही पुन्हा शिकणे होतेच, पण ते त्याला जमले. अडले डाव्याचे.

बाईंनी पहिली खरी रचना दिली ती जी मेजरमधली मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांच्या जुन्या युरोपीय नृत्याची चाल. ती १७२५ सालच्या आना माग्दालेना बाख हिच्या वहीत आहे, पुष्कळ वर्षे ती तिचा नवरा, संगीतकार योहान सेबास्टियान बाख याची मानली गेली, आणि प्रत्यक्षात ती क्रिस्टियान पेट्झोल्ड या दुसऱ्या संगीतकाराची आहे. पांढरी पाच ‘सा’ धरला की ती सरळ बिलावलसारखी, सगळ्या शुद्ध स्वरांची दिसते. सहा बार, म्हणजे तीन-तीन मात्रांची सहा आवर्तने, डावा हात जवळजवळ स्वस्थ असतो, बहुतेक वेळा एकेक सूर धरून बसतो. सातव्यात तो ‘प ग सा’ असा खाली येतो, आणि आठव्यात उजवा हात एकाच ‘रे’वर पूर्ण तीन मात्रा थांबलेला असताना डाव्याला अंगठ्याने वरचा ‘प’ घेऊन दुप्पट लयीत करंगळीने मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला ‘प’ गाठायचा आणि लगेच वर उडी मारून ‘म ग रे’ उतरायचे असते. त्या ‘प म ग रे’ या चार सुरांनी माझे अडीच महिने घेतले.

चूक माझ्या हट्टाची होती. उजव्या हाताला जमणाऱ्या वेगाने मी रोज पहिल्या बारपासून सुरुवात करीत असे आणि आठव्यात धडपडून पुन्हा आरंभाला जात असे; त्यामुळे जे येत होते त्याचाच रियाज दामदुपटीने झाला. शेवटी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ४० ठोक्यांवर आणला, उजवा हात मांडीवर ठेवला, आणि फक्त वरच्या ‘प’वरून मंद्र ‘प’वर जाण्याचा सांधा वीस वेळा वाजवला. रात्री घरच्या इलेक्ट्रॉनिक पियानोला हेडफोन लावून वाजवत असल्यामुळे खालच्या मजल्यावर फक्त पट्ट्यांची टकटक जात असणार. संगीत म्हणून तिची तक्रार करणेही शक्य नव्हते. आठवड्याला चार आकडे वेग वाढवला. सर्वांत कठीण होते ते उजव्या हाताला त्याच्या ऐपतीपेक्षा हळू वाजवायला लावणे. पंचवीस वर्षांचा तोरा त्याला सोडवत नव्हता.

आता सोळा बार ८४ च्या लयीत, न थांबता होतात. उत्तरार्धाचे सोळा बार बाकी आहेत.

परवा एकादशीच्या भजनाला पेटी घेऊन बसले होते. अभंगाच्या ऐन भरात सूर क्षीण होत होत विझला, टाळकरी माझ्याकडे पाहू लागले, आणि मी खाली पाहिले तर डावा हात भाता सोडून मांडीवर ‘प म ग रे’ उतरत होता.