हिरवा पट्टा

२०२३चा ऑगस्ट. जुलैअखेर बरा पडलेला पाऊस जो गेला तो गेलाच. १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तोच, हे पुढे महिना संपल्यावर कळलं. आम्हाला तेव्हा एवढंच दिसत होतं की सोयाबीन ऐन शेंगेत आलंय आणि सकाळी दहालाच माना टाकतंय. मी तेव्हा मराठवाड्यात कृषी सहायक होते. पावसाचा खंड लांबला, पीकविम्याची पाहणी लागली, म्हणून रोज बांधोबांधी फिरणं चालू होतं.

एका काकांच्या तीन एकरांत शिरले आणि थबकले. सगळं रान पिवळट, आणि त्यातून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका, दीडेक हात रुंदीचा हिरवागार पट्टा. तासं उभी, पट्टा आडवा. जणू कुणी दोरी धरून रंगवलाय.

"खालून पाइपलाइन गेलीय मॅडम. तीन वर्षं झाली. फुटली असणार," काका म्हणाले.

पण विहीर तर आटलेली. मोटार महिन्यात चालूच केली नव्हती. तरी त्यांनी टिकाव आणला आणि पट्ट्यात खणायला घेतलं. पाइप कमरेइतका खाली. धड, कोरडा, कुठे चीर नाही. माझं लक्ष मात्र मुळांकडे गेलं. सोटमूळ सरळ खाली उतरलेलं, पाइपाच्या आसपासच्या मातीत बारीक तंतू पसरलेले.

मग मीच म्हटलं, चार हात बाजूला, पिवळ्यात खणू. वरची वीतभर माती भुसभुशीत, पिठासारखी. त्याखाली टिकावाचा आवाज बदलला. चार बोटं जाडीचा थर, फोडला की चकचकीत पापुद्रे निघत होते. रोपाचं मूळ तिथपर्यंत आलेलं आणि काटकोनात वळून आडवं गेलेलं. थर फोडून खालची माती हातात घेतली तर तिचा लाडू वळला! उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, पहिले पाऊस त्यांतून थेट खाली उतरतात. ओल तिथे बसून होती आणि पीक तिच्यापासून वीतभरावर तहानलेलं उभं होतं. पाइपसाठी चारी खणताना जेसीबीने हा थर नकळत मोडला होता, एवढाच काय तो फरक.

काकांनी खड्ड्यात पाय सोडले आणि हिशेब सांगितला. बैल विकले त्याला दहा वर्षं झाली. तेव्हापासून रोटाच, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं अवजार. तोही कधीकधी रान ओलं असतानाच, कारण ट्रॅक्टरवाला त्याच्या वेळेला येतो. रोट्याची पाती वरचं भुसभुशीत करतात. खालचं दाबतात, घोटतात, वर ट्रॅक्टरचं वजन.

मी गप्प. या रानाची मृदा आरोग्य पत्रिका मीच करून दिली होती. व्ही आकाराचा खड्डा, वीतभर खोल, नमुना पिशवीत. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सगळं छापून आलं. वीतभराखाली काय आहे ते त्या कागदावर येणारच नव्हतं.

काका लगेच सबसॉयलर, म्हणजे खालचा थर फोडणारा खोल फाळ, भाड्याने आणायला निघाले. थांबवलं. उभ्या पिकात नाही, आणि ओल्या रानात तर मुळीच नाही. फाळ नुसता सुरीसारखा फिरतो आणि चीर लिंपून टाकतो. मे महिन्यात, माती खडखडीत असताना थराच्या थोडं खालून फिरवला तरच तडे जातात. आणि नंतर ओल्यात रोटा घातला की केलेलं परत दाबून जातं.

"रोट्याशिवाय पेरणी उरकायची कशी?" यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. निदान वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, येईपर्यंत थांबा आणि मधे तुरीचे तास घ्या, एवढंच म्हटलं. तुरीचं मूळ चिवट, जमेल तसं खाली घुसतं.

मे २०२४ मध्ये त्यांनी अर्ध्या रानात सबसॉयलर फिरवला. आणि त्या वर्षी पाऊस असा झाला की दोन्ही बाजूंचं सोयाबीन सारखंच! "पैसे गेले का मॅडम?" काकांनी काढणीच्या वेळी विचारलं.

गाडीच्या डिकीत मी आता टोकदार लोखंडी सळई ठेवते. ती काढली. नुसत्या हाताच्या दाबाने एका बाजूला कोपरापर्यंत गेली. दुसऱ्या बाजूला वीतभरावर अडली. काकांनी छातीचा जोर लावला तरी हलेना. त्यांनी ती उपसली, पुसली, आणि मला न विचारता बांध ओलांडून भावकीच्या रानात शिरले.