तुम्ही विचारलंत म्हणून: गाठ आहे, मग काढत का नाही?

रिपोर्टवर 'अरॅक्नॉइड सिस्ट' लिहिलेलं असतं आणि माझ्यापर्यंत पोचेतो घरात तिचा ट्यूमर झालेला असतो. मग पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, गाठ आहे ना, मग काढून का टाकत नाही?"

हा कॅन्सर नव्हे. मेंदूवरच्या तीन आवरणांपैकी मधलं आवरण बाळ पोटात असतानाच दुपदरी होतं आणि त्या पदरांत मेंदूभोवतीचंच पाणी साठतं. बहुतेकदा ती कानशिलाच्या आत असते आणि सापडते योगायोगाने, मूल सायकलवरून पडलं म्हणून केलेल्या स्कॅनमध्ये.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये अकरा हजारांवर मुलांचे एमआरआय तपासले, तेव्हा 2.6 टक्के मुलांत अशी सिस्ट दिसली. 2010 साली हा अभ्यास छापून आला. पुढे ज्यांच्यावर लक्ष ठेवलं, त्यांत चार वर्षांच्या वयानंतर निदान झालेल्या एकाही मुलाची सिस्ट वाढली नाही. म्हणून आठ वर्षांच्या धडधाकट मुलाला मी हात लावत नाही. शंट, म्हणजे साठलेलं पाणी पोटात वळवणारी नळी, घातला तर ती तुंबते, जंतुसंसर्ग होतो, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. मी टाळाटाळ करतोय असं काहींना वाटतं. वाटू दे.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. टाळू फुगलेली, डोक्याचा घेर वाढीच्या तक्त्यावरची रेष ओलांडत चाललेला, तर थांबायचं नाही. हे साध्या टेपने कळतं. दुर्दैवाने टेप लावलीच जात नाही.

आणि एक दुर्मिळ सिस्ट पिट्यूटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हॉर्मोनच्या ग्रंथीच्या, वर होते. मूल बसल्या बसल्या मान डोलावतं, सेकंदाला दोन-तीनदा. झोपेत ते थांबतं, 'नको हलवू' म्हटलं की क्षणभरही थांबतं, म्हणून घरचे सवय समजतात, कौतुकसुद्धा करतात. आत मात्र पाण्याची वाट अडलेली असते. नजर मंदावते, कधी अकाली वयात येण्याची लक्षणं दिसतात. इथे मी दुर्बिणीने जातो आणि सिस्टचं छत व तळ दोन्ही उघडतो. सगळी भिंत सोलत बसत नाही, ती नसा-रक्तवाहिन्यांना चिकटलेली असते. डोलणं पुष्कळदा कमी होतं. गेलेली नजर दरवेळी परत येत नाही.

तेव्हा मान डोलावणारं मूल घरात असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा, एक जागेपणीचा, एक झोपेतला.