मग तुम्ही शिकवता केव्हा?

"तुमच्या इंग्रजीच्या तासाला मुलेच बोलत असतात, मग तुम्ही शिकवता केव्हा?" हा प्रश्न पालकसभेत दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच, आणि शेजारच्या वर्गावर गणित घेणाऱ्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर तर तो रोज असतो. या वेळी तो हसण्यावारी न नेता नीट उत्तर देते.

आधी हिशेब. माझ्या सातवीच्या वर्गात 42 मुले आहेत आणि तास 35 मिनिटांचा असतो. मी अवाक्षरही न काढता एकेकाला उभे केले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 50 सेकंद येतात. उलट जोड्या करून दहा मिनिटे बोलायला बसवले, तर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. ज्या मुलांच्या घरी, गल्लीत किंवा बाजारात इंग्रजी कधी कानावर पडत नाही, त्यांचे दिवसभराचे इंग्रजी बोलणे एवढेच, आणि तेही मीच बोलून संपवत असेन तर मुलांनी बोलायचे कुठे?

पहिली काही वर्षे मी नेमके तेच केले. फळ्यावर काळांचा तक्ता, त्याखाली भाषांतराची वाक्ये, आणि घरी पाठांतर. क्रियापदाचे तिसरे रूप मुले झोपेतून उठवले तरी सांगत. एकदा वर्गात आलेल्या पाहुण्यांनी एका हुशार मुलीला, तुला भाऊ किती, एवढेच इंग्रजीत विचारले. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे हे तिचे इंग्रजीचे सातवे वर्ष होते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "टू मी टू ब्रदर्स आर." वर्ग हसला, मी ओशाळले. पुढे विचार केला तेव्हा कळले की तिने मराठीचा नियम चोख पाळला होता. मला भाऊ आहेत, मला भूक लागली, मला ताप आला. आपल्याकडे माणूस 'मला'मध्ये बसून असतो, आणि इंग्रजी त्याला उठवून 'आय' करते व पुढे 'हॅव' लावते. हे मी कधी सांगितलेच नव्हते, कारण ती चूक माझ्या कानावर येण्याची सोयच माझ्या तासात नव्हती.

आता सोय अशी केली आहे. एसटी स्थानकावरचे वेळापत्रक मी दोन कागदांवर उतरवते. एकावर निम्म्या वेळा गाळलेल्या, दुसऱ्यावर उरलेल्या निम्म्या. जोडीदाराला आपला कागद दाखवायचा नाही, इंग्रजीत विचारूनच रकाने भरायचे. मी बाकांमधून फिरते, कोणालाही मध्येच अडवत नाही, हातातल्या वहीत फक्त टिपून घेते. "बस व्हेन गोज?" हे सात जोड्यांकडून ऐकले की दुसऱ्या दिवशीची पंधरा मिनिटे 'डझ'ची, फळा आणि खडूसह. मी शिकवते ते तेव्हा. मात्र काय शिकवायचे, हे आदल्या दिवशी मुलांच्या तोंडून आलेले असते.

ही कल्पना माझी नव्हे. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्यासुध्या शाळांत जो प्रयोग केला, आणि जो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो, त्यात रेल्वेची वेळापत्रके आणि नकाशे हेच पाठ होते. व्याकरणाचे वेगळे धडे नव्हतेच. गंमत अशी की प्रभू गटकार्य टाळत. मुलांनी एकमेकांची मोडकी भाषा ऐकली तर तीच रुजेल, ही त्यांची भीती होती, म्हणून तसेच एक काम आधी शिक्षकाने साऱ्या वर्गाबरोबर करायचे आणि मग मुलांनी आपापले करायचे, अशी त्यांची रीत होती. ही भीती मला खोटी वाटत नाही. 'डिड वेन्ट' माझ्या वर्गात एकदा डोळ्यांच्या साथीसारखे पसरले होते. म्हणून मीही एका जोडीला आधी पुढे बोलावून सर्वांदेखत काम करून घेते, आणि जोडीकाम दहा मिनिटांपलीकडे लांबू देत नाही. पण ते सोडत मात्र नाही, कारण 42 जणांसमोर जे मूल तोंड उघडत नाही, ते शेजारच्या एकासमोर उघडते.

कागद कसा भरायचा, यावर मुले मराठीतच भांडतात. भांडू देते.

पालकांची खरी अडचण, मला वाटते, गोंगाट ही नसून वही ही आहे. त्या दिवशी वही कोरी राहते आणि कोरी वही म्हणजे वाया गेलेला तास, असा आपला जुना हिशेब आहे. म्हणून आता तास संपताना प्रत्येकाने जोडीदाराकडून कळलेली एक गोष्ट इंग्रजीत लिहायची असते. भावंडांवर बोललो त्या दिवशी एका वहीत दोन ओळी होत्या: "सुरेश हॅज वन सिस्टर. शी बीट हिम." मी पहिलीवर बरोबरची खूण केली आणि दुसरीपाशी त्याला विचारले, रोज मारते की काल मारले?