आमची वाटचाल : डांबर एक, माल दोन

वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात धंदा सुरू केला तो गच्चीची गळती काढण्यापासून. पुढं कारखान्यांची आवारं, पार्किंग, पेट्रोल पंप इथं काळा सीलर, म्हणजे डांबरी जमिनीवरचा संरक्षक लेप, मारायची कामं मिळू लागली. माल स्वस्त, चकाकी झकास, डिझेल सांडलं तरी उखडत नसे. आम्ही त्याला नुसतं 'डांबर' म्हणायचो.

एका मे महिन्यात आमचा जुना कामगार दुपारी येऊन म्हणाला, "मालक, तोंड लई भगभगतंय." गाल भाजल्यासारखे लाल झाले होते. ऊन लागलं असेल म्हणून मी त्याला ताक पाजलं आणि परत कामावर पाठवलं. ते अजून मनाला लागतं. कोळशाच्या डांबराचा वाफारा कातडीला लागला की साधं ऊनही जाळतं, हे मला पुढं वाचल्यावर कळलं.

रस्त्याचं डांबर, म्हणजे बिटुमेन, खनिज तेलातून निघतं. दुसरं, आमच्या सीलरमधलं, कोळशाचं डांबर; ते निघतं दगडी कोळसा भाजून भट्टीचा कोक करताना. कपाटातल्या डांबरगोळ्यांचं नॅप्थलीन याच दुसऱ्यातलं, म्हणून वासही तसाच. या कोळशाच्या मालाच्या सीलरमध्ये पीएएच (कोळशात-तेलात असणारी कार्बनी संयुगं) नावाची रसायनं बिटुमेनच्या सीलरपेक्षा सुमारे १००० पट असतात आणि त्यातली काही कर्करोग करतात. टायरखाली त्याची भुकटी होते. ती चपलांना चिकटून घरात येते, रांगणाऱ्या पोराच्या हाताला लागते. उरलेली पावसात गटारात. आपल्याकडं गटारातून जयंती नाला आणि तिथून पंचगंगा. अमेरिकेत ऑस्टिन शहरानं २००५ मध्येच यावर बंदीचा निर्णय घेतला, २०११ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं.

आम्ही बिटुमेन इमल्शनवर, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या बिटुमेनवर, आलो. दर चढला, दोन जुनी गिऱ्हाइकं गेली. आता जुन्या आवाराचं काम आलं की आधी खपली काढून काचेच्या बाटलीत मिनरल टर्पेंटाइनमध्ये टाकतो. कॉफीसारखं काळं झालं तर बिटुमेन. चहासारखं फिकट राहिलं तर कोळशाचं, मग ते घासून काढायला आम्ही नकार देतो. ती धूळ कुणाच्या छातीत घालायची?

महापालिका आणि एमआयडीसीच्या निविदांत 'कोळशाच्या डांबराचा सीलर चालणार नाही' एवढी एक ओळ हवी. तसा अर्ज लिहिलाय. उद्यमनगरातल्या चार ठेकेदारांनी सह्या केल्यात, या आठवड्यात तो घेऊन गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातोय.